घरटी नसली तरी मुळं असतातच
हिवाळ्यात पक्ष्यांची घरटी नसतात, झाडंही सुप्त असतात म्हणून पायवाट बंद ठेवून मशीनने करायचं काम आत्ताच उरकलेलं बरं असं सांगितलं जातं, घरट्यांपुरतं ते पटतं. पण झाडाची बहुतेक मुळं वरच्या साधारण ६० सेंटीमीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. जमीन कडक गोठलेली असेल तर ठीक, पण चिखलात पोकलेन फिरला की माती दाबून घट्ट होते, मुळांना हवाच मिळत नाही. आमच्या पायवाटेवर असंच काम झालं तेव्हा मशीनच्या चाकोऱ्यांत आठ-आठ दिवस पाणी साचून असायचं आणि वळणावरचं मोठं झाड तिसऱ्या वर्षी शेंड्याकडून वाळायला लागलं, कंत्राटदार तोवर केव्हाच गेलेला.

वाट कधी उघडणार एवढंच नका विचारू, झाडांभोवती कुंपण कुठवर घालणार आणि मशीनखाली लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर टाकणार का, हे आत्ताच लेखी घ्या.