मदत हवी आहे : चिनी चहा कडूजहर होतोय, वर पांढरं काहीतरी तरंगतंय

अनुजा_के
नमस्कार, जरा घाईत आहे. चीनचा ग्रीन टी मिळालाय. तीनदा केला, तिन्ही वेळा कडूजहर. वर बारीक पांढरं काहीतरी तरंगतं, ती बुरशी आहे का? ज्यांनी दिला तेच पाहुणे, म्हणजे नणंदेचे मिस्टर, रविवारी येताहेत. "कसा वाटला चहा?" हे विचारणार म्हणजे विचारणारच. लवकर सांगा प्लीज.

चहाटळ
कोणता चहा? चीनमध्ये 'ग्रीन टी' म्हणजे आपल्याकडे नुसतं 'भाजी' म्हटल्यासारखं आहे. नाव? फोटो?

अनुजा_के
नाव चिनीत आहे हो, कसं वाचू? हिरवा डबा, त्यावर डोंगर आणि ढग. फोटो चढत नाहीये.

फिटनेस_मावशी
लिंबू पिळायचं आणि एक चमचा मध. मी रोज अनाशेपोटी घेते. दोन ड्रेस परत बसायला लागले.

चहाटळ
मावशी, धागा वजनाचा नाही.

शांघायकर
अनुजाताई, डब्यावर मोठी अक्षरं किती? दुसरं अक्षर त्रिशूळासारखं, तीन दांड्यांचं आहे का?

अनुजा_के
पाच. दुसरं त्रिशूळच! कसं कळलं?

शांघायकर
ते 'शान', म्हणजे डोंगर. पण त्यावर भागत नाही, हुआंगशानच्या चहावरही तेच असतं. शेवटचं असेल 'छा': वर गवत, मधे माणूस, खाली झाड. आता चौथं बघा. त्याच्या वरच्या भागात छपराखाली चार थेंब आहेत?

अनुजा_के
आहेत. चष्मा लावून बघितलं.

शांघायकर
ते छप्पर म्हणजे पाऊस. मग हा लूशान युनवू. युन म्हणजे ढग, वू म्हणजे धुकं. जिआंगशी प्रांतात लूशान डोंगर आहे, १४७४ मीटर उंच. एकीकडे यांगत्से नदी, दुसरीकडे पोयांग सरोवर. दोन्हीकडची वाफ वर चढते आणि निम्मं वर्ष डोंगर दिसतच नाही. मी मे महिन्यात गेलो होतो, चार हातांवरचं झाड दिसेना. महाबळेश्वरचा जुलै समजा. ऊन असं गाळून आलं की पान सावकाश वाढतं, तुरटपणा आणणारी द्रव्यं कमी राहतात आणि गोडसर चवीचं थिआनिन जास्त. म्हणजे हा चहा मुळात कडू नाही. तुम्ही त्याचं करता काय? ते पांढरं म्हणजे कोवळ्या कळीवरची लव असणार. कुबट वास येत असेल तर मात्र टाकून द्या.

अनुजा_के
कुबट नाही येत. करते नेहमीसारखाच.

चहाटळ
नेहमीसारखा म्हणजे??

अनुजा_के
आधण ठेवायचं, आलं, गवती चहा, मग पत्ती टाकून पाच मिनिटं उकळायचं. साखर एक चमचा. दूध नाही घातलं, तेवढं कळतं मला.

चहाटळ
साष्टांग नमस्कार.

देशी_माणूस
मुळात चिनी चहा हवाच कशाला? आसामचा काय वाईट आहे?

चहाटळ
आसामचं झाड आपलंच, मान्य. पण दार्जिलिंगमधली जुनी झाडं चिनी जातीची आहेत. कंपनी सरकारने १८४८ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यूनला चीनमध्ये धाडलं ते रोपं आणि बिया आणायलाच. तो चिनी पोशाख करून, खोटी शेंडी लावून फिरला.

शांघायकर
अवांतर बास. अनुजाताई, आलंबिलं काही नको. काचेचा ग्लास घ्या. दीडशे मिली पाणी ८० अंशांचं, पत्ती ३ ग्रॅम, म्हणजे अंदाजे दोन छोटे चमचे. आधी पाणी, मग वरून पत्ती सोडा. दीड-दोन मिनिटांत प्यायला घ्या. तळाशी थोडा उरला की त्यातच परत गरम पाणी. तीनदा निघतो.

नाना_७२
घरात थर्मामीटर काय ताप मोजायचा लावणार? आठव्या शतकात लू यूने, चहावर ग्रंथ लिहिणाऱ्या चिनी पंडिताने, लिहून ठेवलंय, पाण्यात माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे आले की समजायचं. पातेल्यात बघा, बंद करा. झालं.

चहाटळ
नाना, लू यू चहाची चेपलेली वडी भाजायचा, कुटायचा आणि पाण्यात मीठ टाकून उकळायचा. त्याचे मासे इथे सोडू नका. पाणी उकळा, एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ओता. पुरे. आणि पत्ती आधीच घालायची, म्हणजे सगळी भिजते.

शांघायकर
जाड पानाला ठीक. ह्या कोवळ्या कळीवर वरून पाण्याची धार सोडली की ती पोळते आणि लव सुटून पाणी गढूळ होतं.

नाना_७२
माशाचे डोळे पाण्याला असतात, चहाला नाही. पाणी तेव्हाचं काय आणि आत्ताचं काय!

बागवेडी
इथेच विचारते. नाशिकला गच्चीत चहाचं रोप लावलंय, पानं पिवळी पडताहेत. काय करू?

शांघायकर
अनुजाताई, डब्याखाली तारीख आहे का?

अनुजा_के
२०२२-०५ असं काहीतरी.

शांघायकर
महिना जुळतो. लूशानवर थंडी असते, खुडणी एप्रिलअखेरीस सुरू होते. पण वर्ष?? मिळाला कधी?

अनुजा_के
दिवाळीत. गेल्या नाही हो, बऱ्याच आधीच्या. नवीन म्हणून जपून ठेवला होता. मसाल्याच्या कपाटात, हिंगाच्या डबीशेजारी.

चहाटळ
हे आधी सांगायचं ना! ग्रीन टी जपायचा नसतो. ताजा असताना संपवायचा, नाहीतर घट्ट बंद करून फ्रिजमध्ये. आणि शेजारचा वास तर हावऱ्यासारखा ओढतो.

अनुजा_के
अपडेट : ग्लासात करून पाहिला, तीन भांडी खराब करून. कडू अजिबात नाही! पत्ती आधी वर तरंगली, मग एकेक कळी सावकाश खाली बसली, बघत राहिले. भाजल्या शेंगांसारखा वास आहे, मागून हिंग. ह्यांनी दोन घोट घेतले आणि म्हणाले, "पाणी बरंय, आता चहा टाक." रविवारी काय करू?

चहाटळ
गवारीच्या भाजीबरोबर द्या.

शांघायकर
डबा पुढ्यात ठेवा आणि म्हणा, "आज तुमच्या हातचा होऊ दे." पहिल्या घोटात त्यांना वर्ष कळेल.

बागवेडी
माझ्या रोपाचं कुणी सांगेल का?

नाना_७२
पाणी कुठलं घालता?

बागवेडी
बोअरचं. का?