‘ट्रोल’ला मराठीत राक्षस म्हणू का?

अनघा_वाचते:
आमच्या सोसायटीत मी दर शनिवारी मुलांना गोष्टी सांगते. या महिन्यात नॉर्वेच्या लोककथा घेतल्यात, पहिली तीन बोकड आणि पुलाखालच्या ट्रोलची. अडलंय ट्रोलपाशीच. राक्षस म्हटलं की मुलं बकासुराचं चित्र काढतात. ट्रोल म्हटलं तर सातवीतला एकजण विचारतो, "म्हणजे कमेंटमध्ये शिव्या देतात ते?" खवीस किंवा वेताळ चालेल का? तिकडे राहणारं कुणी असेल तर सांगा.

रोम्सदालकर:
राक्षस नको, कळकळीनं सांगतो. मी 11 वर्षं नॉर्वेत रोम्सदालला राहतोय. आमच्या दरीवर ट्रोलतिंदेन नावाची सुळक्यांची रांग आहे. तिचा ट्रोलवेगेन हा कडा सुमारे 1,100 मीटर उंच, खालून बघताना मान दुखते. इथे सांगतात, हे ट्रोलांचं वऱ्हाड. उजाडायच्या आत घरी पोचलं नाही, ऊन अंगावर पडलं आणि जागच्या जागी दगड झालं. एका सुळक्याचं नाव अजून ‘ब्रुरा’ आहे, म्हणजे नवरी. हिवाळ्यात दरीतल्या काही घरांना आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. उन्हाला भिणारा जीव मला पहिल्याच डिसेंबरात पटला.

वेताळ हुशार, कोडी घालणारा. ट्रोल अंगानं अवाढव्य आणि बुद्धीनं मंद. आस्ब्यर्न्सेन आणि मू यांनी 1841 पासून छापलेल्या कथांमध्ये आस्केलादन नावाचा धाकटा पोरगा आहे. तो लाकडं तोडायला रानात जातो, ट्रोल मारायला धावतो. पोरगा शिदोरीतलं पांढरं चीज दगड असल्याचं भासवून मुठीत पिळतो, पाणी गळतं. "गप्प राहा, नाहीतर या दगडासारखं तुलाही पिळीन!" ट्रोल घाबरून त्याला घरी जेवायला नेतो, तिथे लापशी खायची पैज लागते. पोरगा पोटावर बांधलेल्या पिशवीत लापशी ओततो, ती भरली की सुरीनं फाडतो आणि म्हणतो, "असं केलं की हवं तेवढं खाता येतं." ट्रोल तसंच करतो आणि मरतो. पोरगा त्याचं सोनं-चांदी आणून बापाचं कर्ज फेडतो. ही गोष्ट नक्की सांगा. मुलं ट्रोल कधी विसरणार नाहीत, शब्द आपोआप त्यांचा होईल.

वांगणीची_वाट:
वऱ्हाडावरून आठवलं, आमच्याकडून चंदेरीच्या रांगेत ‘नवरा-नवरी’ सुळके दिसतात. मुलांना त्यांचा फोटो आधी दाखवा, मग ब्रुराचा.

अनघा_वाचते:
हे करतेच! अजून एक. ट्रोलला ‘ख्रिस्ती माणसाच्या रक्ताचा वास’ येतो, तिथे नुसतं ‘माणसाचा वास’ केलं तर?

रोम्सदालकर:
बदलू नका. चर्चची घंटा ट्रोलला सहन होत नाही, तो गावकुसाबाहेरचा, जुन्या जगातला. ‘ख्रिस्ती’ काढलंत तर तो कुणापासून वेगळा आहे तेच कळणार नाही. आणि सगळीकडचे ट्रोल सारखे नाहीत. डेन्मार्कात आणि दक्षिण स्वीडनमध्ये ते टेकडीखाली माणसांसारखा संसार करतात, शेजाऱ्यांकडे पीठ उसनं मागतात. तिथल्या कथा घ्याल तेव्हा आवाज खाली आणून सांगा, गर्जना नको.

मुलं चोरून आपली ठेवणाऱ्या ट्रोलांच्या कथाही आहेत, त्या अगदी लहानांना सांगू नका. माझी मुलगी झाली तेव्हा शेजारच्या आजींनी तिच्या दुपट्याला चांदीचा छोटा ब्रोच टोचला. म्हणाल्या, पूर्वी बारशाआधी पाळण्यात चांदी किंवा लोखंड ठेवायचे, नाहीतर डोंगरातले लोक बाळ बदलून नेत. मला आमच्या घरी बाळंतिणीच्या उशाखाली ठेवलेला विळा आठवला. आजींना मोडक्यातोडक्या नॉर्वेजियनमध्ये ते सांगितलं. त्या उठल्या, स्वयंपाकघरातून कात्री आणली आणि तीही पाळण्यात ठेवली.