८ बाय ५ च्या न्हाणीत संडास वेगळा काढायचा आहे: मधली भिंत कशाची आणि कुठे?

पडवी_फोंडा
फोंडा तालुक्यातलं जुनं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर, तळमजला. न्हाणीची आतली मापं ८ फूट बाय ५ फूट (२४४० बाय १५२० मिमी, गिलाव्यापासून), उंची ९ फूट. सध्या संडास आणि आंघोळ एकत्रच आहे. चतुर्थीला घरात पंधरा माणसं असतात, म्हणून दोन्ही वेगळं करायचं आहे. पडवीकडच्या ८ फुटी भिंतीत उजवीकडे दार आहे. समोरच्या, म्हणजे बाहेरच्या ८ फुटी भिंतीत बरोबर मध्यावर २ बाय २ ची खिडकी, तिचा उंबरा ५ फुटांवर. भारतीय पद्धतीचं भांडं डाव्या टोकाला, मागच्या (म्हणजे या बाहेरच्याच) भिंतीलगत. सेप्टिक टँक मागेच आहे. भांडं काढून कमोड बसवायचा आहे. गवंडी म्हणतो विटेची भिंत घाला, प्लंबर म्हणतो पीव्हीसी पार्टिशन पुरे. शिवाय भिंत खिडकीवर येते. काय करावं?

चिरा_आणि_चुना
पीव्हीसीचं पार्टिशन नको. तळाशी पाणी साचतं, आणि त्यावर ना नळ बसतो ना आधाराची दांडी.

बाकी पर्यायांची तुलना टाईल लागल्यानंतरच्या जाडीवर करा. अर्ध्या विटेची भिंत ११५ मिमी, दोन्ही बाजूंना १२ मिमी गिलावा, त्यावर चिकटवणीसह टाईल १५-१५: एकूण जवळजवळ १७० मिमी. ४ इंची एएसी (हवेच्या छिद्रांच्या हलक्या काँक्रीटच्या) ब्लॉकला गिलावा लागत नाही, तो १३० मध्ये बसतो. ५० मिमी चॅनेलवर दोन्ही बाजूंना ८ मिमी सिमेंट बोर्ड लावून टाईल केली तर ९६ मिमी. तुमच्या जागेत वीट आणि एएसीमधले हे ४० मिमी महत्त्वाचे आहेत.

एएसी धरून हिशेब असा. टोकाच्या दोन्ही भिंतींवर टाईलचे १५-१५ मिमी जातात, उरतात २४१०. त्यातून भिंतीचे १३० वजा केले की २२८०. संडासाला ९३० आणि न्हाणीला १३५० द्या. पडवीच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत साधारण १४९० राहतात. संडास १.३९ चौरस मीटर, न्हाणी २ चौरस मीटर. राष्ट्रीय बांधकाम संहितेत संडासाला किमान १.१ आणि न्हाणीला १.८ चौरस मीटर आहे, तेव्हा दोन्ही बसतात. कमोडचा मध्य बाजूच्या टाईलपासून निदान ३८० मिमी हवा; तुम्हाला ४६५ मिळतात. कमोड टाकीसकट ६८० लांब धरला तरी पुढे ८०० मिमी मोकळे राहतात. दोन्ही दारं पडवीत उघडणारी ठेवा. आत कोणाला चक्कर आली तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडकतं.

आता भिंत. पहिला थर ब्लॉकचा नको, कारण एएसी तळातून पाणी ओढतो आणि दोन पावसाळ्यांत टाईलमागे ओल वर चढते. आधी १:२:४ काँक्रीटचा ४ इंच रुंद, ६ इंच उंच कट्टा ओता. जुनी जमीन टाचून, सिमेंटचं पाणी मारून, मगच. आठवडाभर पाणी घाला. त्यावर ६०० बाय २०० बाय १०० चे ब्लॉक, ९ थर. एका थराला अडीच ब्लॉक लागतात, तेव्हा २६ आणा. वर ३ इंचांचा काँक्रीटचा पट्टा, आत ८ मिमीच्या दोन सळ्या. भिंत पावणेसात फुटांवर थांबते आणि वर हवा खेळायला जागा राहते.

चिऱ्याशी सांधा हा सगळ्यात नाजूक भाग. नुसता गिलावा ओढून चिकटवलं की वर्षभरात तिथे उभी रेघ उठते. दर तीन थरांना चिऱ्यात ४ इंच खोल भोक पाडून ८ मिमीची सळी घट्ट बसवा आणि ती ब्लॉकच्या सांध्यात फूटभर आणा. टाईलआधी सांध्यावर दोन्हीकडे ६-६ इंच जाळी मारा.

पडवी_फोंडा
धन्यवाद, कट्ट्याचं कोणीच सांगितलं नव्हतं. शॉवर मधल्या भिंतीवर घेतला तर? पलीकडे संडासाचा हँड शॉवर येईल, पाईप एकच.

नळ_उतार_ट्रॅप
नका घेऊ. ४ इंची भिंतीत खाच तिच्या जाडीच्या एकतृतीयांशापेक्षा खोल नसावी, म्हणजे सव्वा इंच. भिंतीत दडपलेल्या डायव्हर्टरला (नळ किंवा शॉवरकडे पाणी वळवणाऱ्या झडपेला) दोन-अडीच इंच लागतात. दोन्ही बाजूंनी खाचा समोरासमोर आल्या की मध्ये इंचभर ब्लॉक उरतो, आणि नळ फिरवताना टाईल हलते. शॉवर आणि गरम पाण्याची लाईन उजव्या टोकाच्या चिऱ्याच्या भिंतीत घ्या. हँड शॉवरची लाईन मागच्या भिंतीतून न्या. चिऱ्यात खाच कटरनेच मारा, कारण छिन्नी-हातोड्याने मातीचे सांधे सुटतात.

कमोड आधी विकत घ्या, मग पाईप बसवा. एस ट्रॅपचं (कमोडच्या जमिनीत खाली जाणाऱ्या तोंडाचं) अंतर टाईल लागलेल्या भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंत मोजतात. ९ इंची कमोडसाठी भोक कच्च्या भिंतीपासून ९ इंचांवर ठेवलं तर टाईलनंतर ते ८.४ च होतं आणि टाकी भिंतीत घुसायला बघते. मैल्याचा पाईप ४ इंची, उतार ४० ला १.

न्हाणीच्या जमिनीला ८० ला १ उतार पुरतो. दीड मीटरला १८-२० मिमी पडतात. न्हाणी पडवीपेक्षा इंचभर खाली, संडास न्हाणीपेक्षा अर्धा इंच वर. संडासातही जमिनीत छोटा ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारं सांडपाण्याचं तोंड) लागेल, पण तो वापराविना सुकतो आणि ५० मिमीचं पाणी गेलं की टँकचा वास आत येतो. बेसिन संडासाच्या बाहेर पडवीत घेणार असाल तर त्याचं सांडपाणी या ट्रॅपच्या बाजूच्या तोंडात सोडा. रोज हात धुतले की ट्रॅप भरलेला राहतो.

टँकला ३ इंची व्हेंट (हवा बाहेर सोडणारा पाईप) छपरावर आहे ना, बघा. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं, शोषखड्डा भरतो, आणि व्हेंट नसेल तर फ्लश केल्यावर न्हाणीचा ट्रॅप गुडगुडतो.

चिरा_आणि_चुना
खिडकीचं राहिलं. भिंत डाव्या कोपऱ्यापासून ९४५ ते १०७५ मिमीमध्ये येते आणि खिडकी ९१५ ला सुरू होते. खिडकीचे डावीकडचे ६ इंच चिऱ्याने कायमचे भरा. दीड फुटी खिडकी न्हाणीला राहील. संडासाला मागच्या भिंतीत कमोडवर, छताजवळ, ६ इंची एक्झॉस्ट फॅन. हवा खिडकीतून येईल, भिंतीवरून जाईल आणि फॅनने बाहेर पडेल. न्हाणीची वाफही त्याच वाटेने जाते. दारांखाली अर्धा इंच फट ठेवा. फॅनला बाहेरून पावसाची झडप हवीच.

संडासाचं नवं दार पाडताना आधी लिंटल (दारावरची आडवी तुळई), मग चिरा काढायचा. लिंटल दोन्ही बाजूंना ९ इंच टेकलेलं असू द्या.

ओल_तपासा
सिमेंट बोर्ड हवा असेल तर चालतो, पण कट्टा काँक्रीटचाच आणि चॅनेल कट्ट्याच्या वर. जमिनीला टेकलेलं जीआय (जस्ताचा थर दिलेलं लोखंडी) चॅनेल आतून गंजतं आणि ते कळतं टाईल सुटल्यावरच. किनाऱ्याच्या गावांत खाऱ्या हवेने हे आणखी लवकर होतं.

वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. कट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी वरपर्यंत, शॉवरकडे ६ फूट, बाकी भिंतींना फूटभर. कोपऱ्यांत फायबरची पट्टी. मग ट्रॅप बंद करून २ इंच पाणी ४८ तास उभं ठेवा. पेन्सिलीने रेघ मारा, नाहीतर बाष्प झालं की गळलं हा वाद सुटत नाही.

त्याआधी चिरा सुका आहे का बघा. दोन फुटी प्लास्टिक भिंतीला चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि २४ तासांनी काढा. आत थेंब दिसले तर टाईल थांबवा. आषाढ-श्रावणात हे थेंब हमखास दिसतात. चतुर्थीआधी भिंत, पाईप, कमोड आणि दारं करा, चिऱ्यावरची टाईल दिवाळीनंतर लावा.

आजी-आजोबांसाठी दांडी लावणार असाल तर ती डाव्या टोकाच्या चिऱ्यावर. एएसीवर हवीच असेल तर त्या उंचीच्या थरात दोन ब्लॉकच्या जागी भरीव काँक्रीट आत्ताच घाला. प्लगमध्ये स्क्रू मारलेली दांडी माणसाच्या वजनाने निघून येते.

पडवी_फोंडा
आजीची उठबस डाव्या हाताने असते, म्हणजे दांडी मधल्याच भिंतीवर येईल. जमिनीपासून किती उंचीचा थर काँक्रीटचा करू?

ओल_तपासा
कमोडची बैठक १६ इंच धरली तर दांडी २६ ते २८ इंचांवर. तुमचा कट्टा ६ इंच, थर ८ इंचांचे: तिसरा थर २२ ते ३० इंचांत येतो, तोच भरीव करा. ओतण्याआधी आजींना खुर्चीवर बसवून हात कुठे पडतो ते भिंतीवर खडूने खुणावून घ्या.