एचएलए रेणूंचा साचा एकच, मग विविधता नेमकी कुठे?

प्रश्न : जिज्ञासू

ऊती-प्रकार ठरवणाऱ्या एचएलए रेणूंविषयी वाचताना एका ठिकाणी अडखळलो आहे. आंतरराष्ट्रीय विदासंचात त्यांच्या ४०,००० हून अधिक अलीलांची (जनुकाच्या पर्यायी रूपांची) नोंद आहे, पण पाठ्यपुस्तकात रेणूची आकृती पाहावी तर ती एकच. मग या विविधतेचा रचनेशी काय संबंध? आणि दोन रेणूंत एखाद्याच अमिनो आम्लाचा फरक असेल, तर प्रत्यारोपणापूर्वी त्याची एवढी काटेकोर तपासणी का करतात?

प्रतिसाद : स्फटिकवेडा

आपण पाहिलेली आकृती चुकीची नाही. साचा खरोखरच एक आहे. १९८७ मध्ये पामेला ब्योर्कमन, डॉन वायली, जॅक स्ट्रॉमिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने एचएलए-ए२ ची रचना उलगडली, तेव्हा प्रथिन-साखळीच्या आठ सपाट (बीटा) पट्ट्यांचा तळ आणि त्यावर दोन बाजूंना दोन पीळदार (अल्फा) मळसूत्रे, अशी एक लांबट खाच दिसली. त्या खाचेत रेणूच्या स्वतःच्या साखळीत कुठेच न बसणारे काहीतरी अडकलेले होते. ते पेशीतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे, म्हणजे पेप्टाइडे होती. (मला तरी त्या संशोधनातला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.)

विविधता आहे ती या खाचेच्या तळाशी आणि भिंतींत. खाचेत छोटे छोटे खळगे असतात आणि पेप्टाइडाची ठरावीक अमिनो आम्ले त्यांत रुतून बसतात. ए*०२:०१ या एचएलए-ए२ च्या एका प्रकाराच्या खळग्यात पेप्टाइडाच्या दुसऱ्या स्थानी ल्युसीनसारखे पाण्यापासून दूर राहणारे आम्ल बसते. बी*२७:०५ च्या त्याच खळग्यात रेणूच्या साखळीतील ४५ व्या स्थानी ऋणभारित ग्लुटामिक आम्ल असल्यामुळे तिथे धनभारित आर्जिनीन लागते. साहजिकच हे दोन रेणू एकाच विषाणूचे निरनिराळे तुकडे टी पेशींपुढे (परके ओळखणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींपुढे) धरतात.

प्रतिसाद : अलीलमोजणीस

वरील उत्तरात एक भर घालतो. ४०,००० हा आकडा वेगवेगळ्या प्रथिनांचा नाही. नावात अपूर्णविरामांनी वेगळे केलेले अंक असतात : पहिला गट, दुसरा प्रथिन, तिसरा प्रथिन न बदलणारा डीएनएतील फरक आणि चौथा सांकेतिक भागाबाहेरचा फरक. म्हणून रचनेचा विचार करताना पहिल्या दोन अंकांपाशी (उदा. ए*०२:०१ पर्यंत) थांबावे. वर्ग १ मध्ये (म्हणजे वरच्या ए, बी यांसारख्या रेणूंत) खाच घडवणारा भाग जनुकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या एक्सॉनमधून (प्रथिनाचा संकेत असलेल्या खंडांतून) येतो आणि बहुतेक महत्त्वाची विविधता तिथेच एकवटलेली आहे.

वर्ग २ मध्ये (डीआर, डीक्यू यांसारख्या रेणूंत) खाच दोन साखळ्यांची मिळून होते. तिची टोके उघडी असल्यामुळे त्यात लांब पेप्टाइडे मावतात. डीआर रेणूंची अल्फा साखळी जवळपास सर्वांची सारखीच असते आणि वैविध्य बीटा साखळीत असते. डीक्यूमध्ये मात्र दोन्ही बदलतात.

प्रतिसाद : स्फटिकवेडा

आता एकाच अमिनो आम्लाच्या फरकाविषयी. बी*२७:०५ चा पाठीच्या मणक्यांचा दाह करणाऱ्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसशी घट्ट संबंध आहे. बी*२७:०९ चा तसा संबंध फारसा आढळत नाही. दोघांत फरक एवढाच, की ११६ व्या स्थानी पहिल्यात ॲस्पार्टिक आम्ल आहे आणि दुसऱ्यात हिस्टिडीन. अर्थात, बी२७ असणाऱ्या बहुतेकांना हा आजार होतच नाही, हेही ध्यानात असू द्यावे. एचआयव्हीवरील अबाकाव्हिर हे औषध बी*५७:०१ च्या खाचेत शिरते, तिथे बसणाऱ्या पेप्टाइडांचा संच बदलते आणि तीव्र अतिसंवेदनशील प्रतिक्रिया उद्भवू शकते. दोनच आम्लांनी वेगळ्या असलेल्या बी*५७:०३ मध्ये तसे घडत नाही.

जिज्ञासू

म्हणजे टी पेशीला थेट दिसणाऱ्या पृष्ठभागावरचा फरकच तेवढा धोक्याचा, असे समजावे का?

प्रतिसाद : अलीलमोजणीस

तसे समजू नये. बी*४४:०२ आणि बी*४४:०३ यांच्यात १५६ व्या स्थानी एकाच आम्लाचा फरक आहे, आणि ते स्थान खाचेच्या आत पेप्टाइडाखाली दडलेले असल्यामुळे टी पेशीचा ग्राहक रेणू (रिसेप्टर) त्याला स्पर्शही करू शकत नाही. तरीही त्या फरकामुळे कोणती पेप्टाइडे बसतील आणि बसल्यावर कशी वाकतील, हे बदलते. त्यामुळे एकाच्या टी पेशी दुसऱ्याचा रेणू परका म्हणून ओळखू शकतात. दाता निवडताना केवळ 'बी४४ जुळले' एवढ्यावर समाधान न मानता दुसऱ्या अंकापर्यंत तपासणी करतात, ती याचसाठी.