हात वर करून बसलेल्यावर कुत्रा सोडला, तरी दावा बाद?

सुमेधा_क:
अमेरिकेत पोलिसांना 'क्वालिफाइड इम्युनिटी' नावाचं कवच आहे (तसंच वागणं बेकायदेशीर असं आधीच्या निकालात ठरलेलं नसेल, तर पोलिसावर भरपाईचा दावा चालत नाही), ते काढून टाकावं असं माझं स्पष्ट मत आहे. नॅशव्हिलला २०१४ मध्ये घरफोडीच्या संशयावरून पोलिसांनी एकाला तळघरात गाठलं, तो खाली बसून दोन्ही हात वर करून होता, तरी कुत्रा सोडला आणि तो काखेत चावला, असा त्याचा दावा. कोर्ट काय म्हणालं, तर आधीच्या निकालातला माणूस आडवा पडला होता, हा बसलेला आहे, म्हणजे हे बेकायदेशीर आहे हे आधी ठरलेलं नव्हतं!! सुप्रीम कोर्टानेही २०२० मध्ये केस ऐकली नाही.

विश्वास_एम:
ताई, निकाल मलाही पटला नाही. पण तळघरात आधी शिरतो तो पोलीस, समोरच्याकडे काय आहे हे त्याला माहीत नसतं, अन् तुम्ही आम्ही नंतर निवांत बसून ठरवणार. आणि हे कवच फक्त नुकसानभरपाईच्या दाव्यापुरतं आहे, फौजदारी खटला होतोच, जॉर्ज फ्लॉइडची मान गुडघ्याखाली दाबून त्याचा जीव घेणारा पोलीस शॉविन जेलमध्ये गेला की.

सुमेधा_क:
गेला, पण खटला भरायचा की नाही हे सरकारी वकील ठरवतो आणि त्याचं रोजचं काम याच पोलिसांबरोबर. सामान्य माणसाच्या हातात राहतो दिवाणी दावा, १८७१ चा कायदा त्यासाठीच केला होता. त्यात २००९ पासून कोर्टाला मुभा आहे की वागणं चूक की बरोबर हे न ठरवताच 'आधी ठरलेलं नव्हतं' म्हणून दावा काढून टाकायचा. मग पुढच्या माणसालाही दाखवायला निकाल नाहीच, हे चक्र सुटणार कसं?

निनाद७:
पोलिसाचं घरदार विकलं जाईल ही भीती खरी नाही, पैसे बहुतेक वेळा शहरच भरतं. फ्लॉइडच्या कुटुंबाला २ कोटी ७० लाख डॉलर मिनिॲपोलिसने दिले, म्हणजे लोकांच्याच करातून. कोलोरॅडोने २०२० मध्ये राज्याच्या कायद्याखालच्या दाव्यांत हा बचाव बंद केला, पोलीस प्रामाणिकपणे वागला नाही असं ठरलं तरच त्याच्या खिशातून, तेही रकमेच्या ५ टक्के किंवा २५ हजार डॉलर, यातलं जे कमी ते.

विश्वास_एम:
२५ हजार पगारदार माणसाला कमी नाहीत हो. त्यापेक्षा न्यू मेक्सिको राज्याचा २०२१ चा कायदा बरा, दावा खात्यावर, पोलिसावर नाही, तेवढं मला मान्य.

सुमेधा_क:
चालेल, सुरुवात तरी होईल. पण खातं पैसे भरून मोकळं झालं आणि तोच पोलीस तोच कुत्रा घेऊन उद्या परत ड्युटीवर आला, तर त्याला घरी कोण बसवणार ते सांगा.