नळदुर्ग १९४८ वर मिलिटरी गेम बनवायलोत, रिअलिस्टिक म्हणजे नेमकं किती?

बोरीकाठचा

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मित्र, दोघं तुळजापूरचे अन् एक लातूरचा, नोकऱ्या सांभाळून रात्री एक पीसी गेम बनवायलोत. विषय पोलिस ॲक्शनचा, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या लष्करी कारवाईचा पहिला दिवस, १३ सप्टेंबर १९४८. सोलापूरकडून आलेली भारतीय फौज पहाटे संस्थानाची हद्द ओलांडते, नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल उडवला जायच्या आत ताब्यात घेते, मग जळकोट आणि दुपारपर्यंत उमरगा. आपल्याकडं दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, शाळेत भाषणं होतेत, पण त्या पाच दिवसांत आपल्याच रस्त्यावर काय घडलं हे पोरांना विचारा, रझाकार शब्दाच्या पुढं काही सांगता येत नाही. त्याच पोरांना नॉर्मंडीचा किनारा मात्र गेममुळं पाठ असतो. म्हणून हे मनावर घेतलंय.

गेम बनवायचं सॉफ्टवेअर म्हणजे इंजिन गोडो वापरायलोत, फुकट आहे आणि पुढं रॉयल्टीची भानगड नाही. रायफली, ब्रेनगन (हलकी मशीनगन), शर्मन रणगाडा सगळ्यांची मॉडेलं झाली, दिसतेत पण चांगली. तरी खेळताना खरं वाटंना. टेस्टिंगला बसवलेले पोरं म्हणतेत चालायचंच लई आहे, अन् गोळी कुठून आली ते कळायच्या आत माणूस मेलेला असतो. रणगाडा रस्ता सोडून शेतात घातला की रुततो असं आम्ही मुद्दाम ठेवलंय, तर ते म्हणतेत काढून टाका, मजा जाते. मला काढायचं नाही पण नीट करायचंय.

आणि तिसरी गोष्ट जास्त अवघड आहे. गावातली माणसं, रझाकार, नंतर जे झालं ते, हे सगळं दाखवायचं का, कसं दाखवायचं. घरातले म्हातारे म्हणतेत जपून करा. ज्यांना यातलं काही कळतं त्यांनी मोकळेपणानं सांगा.

---

कोडवाला_संभाजीनगर

भावा विषय एक नंबर निवडलाय. मी गोळीच्या भागावर बोलतो, बाकीचं जाणकार सांगतील.

तुमची गोळी बहुतेक हिटस्कॅन असणार, म्हणजे ट्रिगर दाबला की त्याच क्षणी समोरचा मेला. ते आधी काढा. त्या काळच्या .३०३ रायफलीची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ७४० मीटरनं निघते, फिजिक्स ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० स्टेपनं चालत असेल तर एका स्टेपमध्ये ती बारा मीटर पुढं जाते, म्हणजे नुसता फिरणारा गोळा बनवला तर मातीच्या भिंतीतून आरपार निघून जाईल अन् तुम्ही बग शोधत बसाल. प्रत्येक स्टेपला मागच्या जागेपासून नव्या जागेपर्यंत रेकास्ट मारायचा, म्हणजे सरळ रेघ टाकून तपासायचं, मधी काही लागलं तर तिथं थांबवायचं. हवेच्या रोधासाठी जी-१ हे गोळ्यांचं ठरलेलं टेबल घ्या, तेवढ्यानं भागतं. ३०० मीटरला पोचायला तिला अर्ध्या सेकंदाच्या आसपास लागतो आणि तेवढ्यात ती मीटरभर खाली येते, म्हणून रायफलीवरची साईट अंतराप्रमाणं सेट करावी लागते. ते काम खेळणाऱ्याला करायला लावा.

पण खरी गंमत आवाजात आहे. गोळी आवाजापेक्षा फास्ट असते, त्यामुळं ज्याच्या अंगावर फायर येतो त्याला आधी कानाजवळ "कडाक्" ऐकू येतं आणि रायफलीचा "धप्प" मागून येतो. या दोन आवाजात जितकं अंतर जास्त तितका मारणारा लांब, आणि दिशा कळते ती दुसऱ्या आवाजावरून, पहिल्यावरून नाही. टेस्टिंगची पोरं म्हणायलेत ना की गोळी कुठून आली कळत नाही, त्याचं उत्तर हेच आहे. लाल बाण दाखवू नका, दोन आवाज वेगळे करा, पोरं आपोआप ऐकायला शिकतील. स्टेनगनची गोळी आवाजाच्या वेगाच्या जेमतेम वर असते, थोडं अंतर गेली की कडाक् बंद होतो, तेही ठेवा, ऐकूनच हत्यार ओळखता येईल.

अजून एक. रेफरन्स फोटो काढायला म्हणून इथल्या छावणीत किंवा कुठल्या आर्मीच्या जागेजवळ कॅमेरा घेऊन फिरू नका. २०१२ ला आर्मा गेमच्या कंपनीतले दोन डेव्हलपर ग्रीसच्या लिमनॉस बेटावर फिरायला गेले, मिलिटरी ठिकाणांचे फोटो काढले असा आरोप ठेवून पकडले, चार महिने जेलमध्ये काढले त्यांनी. आपल्याकडं तर १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स कायदा आहे. तुमचा काळ जुना आहे, ब्रिटिशांच्या वेळच्या स्मॉल आर्म्स ट्रेनिंगच्या पुस्तिका कुठंही मिळतेत, ब्रेनगन उघडायची कशी, अडकली तर काय करायचं, सगळं त्यात आहे. रणगाडा जवळून बघायचा तर अहिल्यानगरचं टँक म्युझियम आहे, तिकीट काढून जा.

---

ज्वारीचं_रान

मी परभणीला कृषीचं शिकलो, आता गावाकडं शेती बघतो. तुमचा तो रुतणारा रणगाडा बिलकुल काढू नका, उलट तोच तुमच्या गेमचा जीव आहे.

पण सगळीकडं सारखा रुतवत असाल तर ते चूक. नळदुर्गकडचं रान बघा, माळावर मुरूम आहे, हातभर खाली खडक, तिथं कितीही पाऊस पडला तरी पाणी निघून जातं अन् गाडी चालते. नदीकडंला अन् खोलगटात खोल काळी माती. ती पाणी प्याली की फुगते, चिकटते, बैलगाडीचं चाक सुद्धा फिरत नाही मग तीस टनाचा शर्मन काय करणार. शिवाय पट्ट्यात लगदा बसत जातो. म्हणून मातीच्या खोलीचा एक नकाशा बनवा आणि त्याच्यावर पावसाचं गणित लावा. पाऊस थांबून वापसा आला, म्हणजे जास्तीचं पाणी निघून माती मोकळी झाली की तेच रान पुन्हा चालायजोगं होतं. खेळणाऱ्याला कुठंही आकडा दाखवू नका, मातीचा रंग, साचलेलं पाणी, गवत कुठलं उगवलंय हे बघून त्यानं ठरवावं की इथून गाडी काढायची का नाही. आमच्याकडचं शेंबडं पोरगं पण हे ओळखतं, शहरातल्याला शिकू द्या की.

आणि पिकं! हे मला सांगायचंच होतं. स्क्रीनशॉटमध्ये तुम्ही रस्त्याच्या दोन्ही अंगाला सोयाबीन लावलंय. १९४८ ला इथं सोयाबीन कुठलं, ते खूप नंतर आलं. गाजरगवत पण काढा, ते देशात पहिल्यांदा पुण्याला दिसलं १९५५-५६ च्या सुमारास. रस्त्याकडची वेडी बाभूळ काढा, आपली गावठी बाभूळ अन् लिंब ठेवा. सप्टेंबरच्या मध्याला बाजरी कणसात, तूर कंबरेला, कुठं कापूस, भुईमूग, बांधाला अंबाडी. खरिपाची गावरान ज्वारी माणसाच्या डोक्याच्या वर जायची, आजच्यासारखी बुटकी हायब्रीड नव्हती, तिच्यात अख्खी टोळी लपून बसली तरी रस्त्यावरून दिसणार नाही. पण त्या भागात रब्बीची ज्वारी जास्त, तिची पेरणी अजून व्हायची असती, म्हणून बरंच रान कुळवून मोकळं काळं पडलेलं असणार. म्हणजे एका बाजूला काहीच दिसत नाही अन् दुसऱ्या बाजूला लपायला काडीचा आडोसा नाही. यापेक्षा चांगला मॅप तुम्हाला कोण बनवून देणार.

---

माजी_सुभेदार_बीड

पोरांनो, मी पायदळातून सुभेदार म्हणून रिटायर झालो. गेम मी खेळत नाही, नातू खेळतो, त्याच्या शेजारी बसून बघतो. तुम्ही मनापासून विचारलं म्हणून लिहितो.

नातवाच्या गेममध्ये दुश्मन दिसतो, मग गोळी मारतात. प्रत्यक्षात दुश्मन दिसतच नाही. झाडी दिसते, बांध दिसतो, धूर दिसला तर नशीब. फायर अंदाजाच्या जागेवर करावा लागतो, आणि त्यासाठी सेक्शन कमांडर, म्हणजे दहाएक जवानांच्या तुकडीचा प्रमुख हुकूम देतो, कोणी मारायचं, किती अंतरावर, कुठल्या खुणेच्या कुठल्या बाजूला, आणि कसा फायर. "सामने अकेला पेड़, घड्याळात दोन वाजता, झाडी." हे बोलणं तुमच्या गेममध्ये आलं पाहिजे. एकट्यानं पळत जाऊन दहा माणसं मारणारा हिरो काढून टाका. ब्रेनगनवर दोघं असतात, एक चालवतो, दुसरा मॅगझिन बदलतो, बॅरल तापली की बॅरल बदलतो आणि नजर ठेवतो. एक टोळी फायर देते तेव्हा दुसरी पुढं सरकते. ज्यानं फायर द्यायचा सोडून पुढं पळायचं ठरवलं त्याच्यामुळं दुसऱ्याचा जीव जातो. गेममध्ये हे एकदा घडलं की पोरगं जन्मभर विसरणार नाही.

गोळ्या मोजून द्या. त्या रायफलीत दहा गोळ्या, पाच-पाचच्या क्लिपनं भरायच्या, त्यातही पावसात अन् मातीत हात थरथरतो. पळून आल्यावर लगेच नेम धरला तर लागत नाही, श्वास खाली बसू द्यावा लागतो. डोक्यावरून फायर जात असताना डोकं वर निघत नाही, शरीर ऐकत नाही. तुम्ही लोक स्क्रीन धूसर करता असं नातू दाखवत होता, तसं काही होत नाही, उलट समोरचा एक एक खडा स्पष्ट दिसतो. फक्त मान वर करता येत नाही.

आणि चालणं कमी करू नका. चालता चालता माणूस ढिला पडतो आणि तेव्हाच मार खातो. त्या चालण्यात काम द्या. पुलाच्या खाली बघा, मोरीत तार दिसती का बघा, गुरं चरायला का आली नाहीत ते बघा. गावाजवळ सकाळी माणसं दिसली नाहीत तर समजा काहीतरी आहे.

---

बोरीकाठचा

सुभेदारकाका, हे सगळं वाचून आमच्या ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत चर्चा चालली. गुरांची खूण टाकायलोत, पक्कं. पण एक विचारतो, एका गोळीत मेला अन् पुन्हा पहिल्यापासून वीस मिनिटं चालायचं असं झालं तर पोरं गेम बंद करतेत. तिथं काय करावं?

---

कोडवाला_संभाजीनगर

काकांच्या आधी मी बोलतो. मेला की त्याच सेक्शनमधल्या दुसऱ्या जवानात टाका. गेम मागं जात नाही, मेलेला परत येत नाही, पण लढाई तुमच्याशिवाय चालू राहते आणि आता ब्रेनगनवरचा दोन नंबरचा माणूस तुम्ही आहात. सेक्शन संपलं की मिशन संपलं. असं केलं तर पोरगं दहाच्या दहा जणांना जपायला लागतं.

---

माजी_सुभेदार_बीड

हे बरोबर आहे. फक्त पडलेल्याला मागं घेऊन जायला दोन माणसं लागतात, ती पण लढाईतून कमी होतात, हे विसरू नका.

---

नांदेडचे_मास्तर

मी इतिहास शिकवतो. तिसऱ्या प्रश्नावर कोणी बोललं नाही, आणि मला वाटतं तुमची गेम खरी ठरेल का खोटी हे त्याच्यावरच ठरणार आहे.

पहिलं म्हणजे निजामाची नियमित फौज आणि रझाकार हे वेगळे दाखवा. नळदुर्गला समोर होती ती हैदराबादची पलटण, वर्दीतली, शिस्तीतली. रझाकार ही कासीम रझवीची संघटना, आणि हा रझवी लातूरला वकिली करायचा, म्हणजे हा सगळा इतिहास आपल्या घरचाच आहे. रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, जाळली, ते दाखवायला कचरू नका, आमच्या भागात ती आठवण अजून ताजी आहे. पण रझाकार म्हणजे मुसलमान असं समीकरण तुमच्या गेममधून एकाही पोराच्या डोक्यात जाता कामा नये. इमरोज वर्तमानपत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन व्हा असं लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा हैदराबादेत खून झाला. फौजा निघायच्या जेमतेम तीन आठवडे आधी. त्यांच्या पेपरचं एक पान गेममध्ये कुठंतरी वाचायला ठेवा.

दुसरं जास्त जड आहे. लढाई संपल्यावर खेड्यापाड्यात मुसलमान कुटुंबांवर जे झालं ते. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीला पाठवलं होतं, त्यांच्या अहवालात मेलेल्यांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा आहे, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड दोन्ही आहेत. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नव्हता. तुमची गेम पहिल्याच दिवसाची आहे, त्यामुळं हे मिशन म्हणून येणार नाही, येऊही नये. सामान्य माणसावर बंदूक चालवणं हा खेळ होऊ शकत नाही, गावकऱ्यावर गोळी गेली की मिशन तिथंच थांबवा. पण शेवटी नुसता झेंडा दाखवून थांबू नका, पुढं काय झालं ते चार ओळीत साध्या भाषेत लिहा. म्हातारी माणसं जपून करा म्हणतात ते याच्यासाठीच.

बाकी संदर्भाचं सांगतो. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागानं पोलिस ॲक्शनवर स्वतंत्र ग्रंथ काढलेला आहे, तो मिळवा, तुकड्यांची हालचाल त्यात आहे. तुळजापूरकडून लोहाऱ्याला निघालेली तुकडी नदीला पूर आल्यानं अडकली होती, ज्वारीच्या रानवाल्यांच्या मुद्द्याला यापेक्षा मोठा पुरावा नको. नकाशासाठी अमेरिकन आर्मीची १:२,५०,००० ची यू-५०२ मालिका टेक्सास विद्यापीठाच्या साईटवर फुकट आहे, नंतर झालेली धरणं त्यात नाहीत. आजचा सॅटेलाईट फोटो तसाच्या तसा उचलू नका, बोरीवर आता धरणाचं पाणी दिसतं. आणि गावांची नावं त्या काळची ठेवा, अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद होतं.

---

ज्वारीचं_रान

मास्तर एकदम बरोबर. बोरीकाठचा, पावसाळ्यात किल्ल्यातला नर-मादी धबधबा पडत असतो, त्याचा आवाज लांबवर जातो, पुलाच्या मिशनमध्ये तो ठेवा, त्यात गोळीचा दुसरा आवाज दबून जाईल अन् पोरांना दिशा शोधायला अजून अवघड जाईल.

---

बोरीकाठचा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. ठरलेलं सांगतो. लाल बाण काढला, दोन आवाज वेगळे करायला घेतलेत. मेल्यावर सेक्शनमधल्या दुसऱ्या जवानात जायचं. मातीचा नकाशा बनवायचाय, त्यासाठी ज्वारीच्या रानवाल्या दादांना मेसेज टाकलाय. सोयाबीन आजच उपटलं. गावकऱ्यांबद्दल मास्तरांनी सांगितलं तसंच करणार, शेवटच्या चार ओळी लिहून तुम्हाला आधी दाखवतो सर, तुम्ही दुरुस्त करा.

काका, हुकमाचे संवाद हिंदीत तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करायची लई इच्छा आहे, बीडला येऊन जाऊ का ते सांगा. आणि नळदुर्ग, जळकोट, उमरगा, लोहारा या भागात कोणाच्या घरी त्या काळचे रस्त्याचे, पुलाचे, वाड्यांचे फोटो असतील तर नुसता मोबाईलवर फोटो काढून पाठवा, मूळ फोटो हलवायची गरज नाही.