सल्ला हवा: तीन रांगांच्या एसयूव्हीत अँप आणि सबवूफर बसवले, आता शीळ, घुमणं आणि उतरणारी बॅटरी

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. गाडी मोठी आहे, सात आसनी. कंपनीचं हेड युनिट (डॅशबोर्डमधला म्युझिक सिस्टीमचा मुख्य भाग) आणि कंपनीचंच वेगळं अँप (अँप्लिफायर) आहे. हायवेला टायरच्या आवाजात गाणी पार बुडून जायची, म्हणून एका दुकानातून चार चॅनेलचं अँप (प्रत्येकी ७५ वॉट आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी ताकद), ५०० वॉटचं मोनो अँप आणि १० इंची सब (फक्त खर्जासाठीचा सबवूफर) बसवून घेतला. सिग्नल घेतलाय कंपनीच्या स्पीकर वायरमधून, मध्ये हाय-लो कन्व्हर्टर (स्पीकरचा जोरदार सिग्नल अँपला चालेल इतका कमी करणारा) लावून. पुढच्या दारांत नवे कॉम्पोनंट स्पीकर (ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, वेगळा असलेले) आहेत, मागचे मूळचेच.

तक्रारी अशा. इंजिन चालू केलं की ट्वीटरमधून बारीक शीळ येते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती चढत जाते. आवाज कमी असताना बेस छान वाटतो, पण व्हॉल्यूम वाढवला की बेस गायबच होतो. साधारण एका वेगात गाडी चालली की गाणं बंद असतानाही मागून घूं-घूं येतं आणि तिसऱ्या रांगेतल्यांचं डोकं दुखायला लागतं. शिवाय गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते.

दुकानदार म्हणतो कपॅसिटर टाका आणि दुसरी बॅटरी लावा. मला वाटतं की मागचे स्पीकरही बदलावेत. आधी काय घेऊ?

खर्जप्रेमी

आधी काहीच घेऊ नका. चारही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि कपॅसिटरने त्यातली एकही जाणार नाही. मल्टिमीटर असेल तर हाताशी ठेवा, नसेल तर तेवढा मात्र घ्या.

वायरिंगवाला

वरच्याला अनुमोदन. शिळेपासून सुरुवात करा, कारण ती सापडली की बाकी बरंच काही सापडतं.

इंजिन चालू ठेवून अँपमधल्या आरसीए पिना (सिग्नल आणणाऱ्या वायरींच्या) काढा. शीळ राहिली तर दोष अँपच्या पॉवरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. शीळ गेली तर ती सिग्नलच्या वाटेने येतेय. पण तेवढ्यावर अर्थिंगला निर्दोष ठरवू नका. अँपचा अर्थ कच्चा असला की त्याचा परतीचा करंट बॉडीऐवजी आरसीए वायरच्या बाहेरच्या जाळीतून वाट काढतो, आणि आल्टरनेटरचा आवाज ट्वीटरमध्ये उतरतो. पिना काढल्या की ती वाटच बंद होते, म्हणून आवाजही थांबतो.

आता मोजमाप. सब जोरात वाजत असताना मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लांब वायरने जोडा, लाल पिन अँपच्या अर्थ टर्मिनलला लावा. चांगल्या अर्थिंगला इथे ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी दिसतं. अर्धा व्होल्ट दिसला तर वायर कुठे आवळलीय ते जाऊन पाहा. बहुतेक ठिकाणी ती सीटच्या किंवा सीटबेल्टच्या बोल्टखाली सापडते. तिथे रंग असतो, बोल्टवर लॉकिंगचा चिकट लेप असतो. शिवाय ते सुरक्षेचे बोल्ट आहेत, त्यांना हात लावायचाच नाही. बॉडीच्या जाड पत्र्यावर, रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासून, रिंग लग लावून नट-बोल्टने आवळा आणि वरून गंजरोधक मारा. अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि दीड फुटाच्या आत.

एक महत्त्वाचं: हल्लीच्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर असतो. काही जण अँपचा अर्थ थेट बॅटरीच्या टोकाला नेतात. तसं केलं तर अँपने खाल्लेला करंट सेन्सरला दिसतच नाही आणि चार्जिंगचं गणित चुकतं. अर्थ बॉडीलाच द्या.

पॉवर वायरचाही हिशेब करू. ३०० (चार गुणिले ७५) अधिक ५०० म्हणजे ८०० वॉट. क्लास डी अँप ८० टक्के कार्यक्षम धरलं तर बॅटरीकडून १००० वॉट. भागिले १३.८ व्होल्ट, म्हणजे साधारण ७२ अँपिअर, तेही सलग पूर्ण जोरावर. गाण्यात सरासरी याच्या कितीतरी खाली असते. मोठ्या गाडीत बोनेटपासून मागच्या चाकाच्या वरपर्यंत वायर सहज पाच मीटर जाते. शुद्ध तांब्याची ४ गेज (सुमारे २१ चौ. मिमी) असेल तर त्या लांबीत ०.३ व्होल्ट पडतो, म्हणजे पुरेशी आहे. पण वर तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी वायर सर्रास विकली जाते. तिचं टोक खरवडलं की आत पांढरं दिसतं. ती असेल तर बदला किंवा त्याच कामाला जास्त जाड घ्या. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत आहे का तेही बघा. त्या फ्यूजचं काम वायर जळू नये हे आहे, म्हणून त्याचं रेटिंग वायरवरून ठरतं. फ्यूजच नसेल तर आजची उद्या करू नका.

जागरण

बॅटरीसाठी सोपी पाहणी. रात्री गाडी लॉक करा, तासाभराने काचेतून अँपचा दिवा पाहा. लागलेला असेल तर रिमोटची वायर (अँपला चालू-बंदचा इशारा देणारी) कायम चालू असलेल्या सप्लायवर जोडलीय. किंवा कन्व्हर्टर सिग्नल ओळखून स्वतःच अँप चालू ठेवतोय. नुसतं चालू राहिलेलं अँप एक-दीड अँपिअर खातं. एक अँपिअरने चोवीस तासांत २४ अँपिअर-तास गेले, ७० ची बॅटरी दोन-तीन दिवसांत बसणारच. दुसरी बॅटरी लावली तर ती एवढीच की आणखी दोन दिवसांनी बसेल.

दिवा विझलेला असेल तर डीसी क्लॅम्पमीटरने निगेटिव्ह वायरचा करंट पाहा. गाडीची सगळी मॉड्यूल्स झोपायला वेळ लागतो, अर्धा तास सहज. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवा.

खर्जप्रेमी

आता बेस का पळतो ते. कंपनीच्या अँपमध्ये मूळ छोट्या स्पीकरांना वाचवण्यासाठी व्हॉल्यूम वाढेल तसा खर्ज कापायची सोय केलेली असते. तुम्ही सिग्नल त्या अँपच्या नंतर घेतलाय, त्यामुळे कापलेला खर्जच सबला मिळतोय. सब दुप्पट केला तरी हेच होईल.

खात्री करून घ्यायची तर ४० हर्ट्‌झ आणि २०० हर्ट्‌झचे सारख्या पातळीचे टोन वाजवा आणि कन्व्हर्टरच्या इनपुटवर एसी व्होल्ट मोजा. (साधे मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला चुकीचं दाखवतात, म्हणून १००० हर्ट्‌झचा टोन घेऊ नका.) व्हॉल्यूम वाढवत न्या. २०० ला व्होल्टेज चढत राहिलं आणि ४० ला एका जागी थांबलं, तर निदान पक्कं.

उपाय दोन. एक, इनपुट दुरुस्त करणारा डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारा डबा). तो कंपनीचं इक्वलायझेशन (सुरांच्या पातळ्यांत केलेले फेरफार) मोजून सपाट करतो, पण व्हॉल्यूमप्रमाणे बदलणारा खर्ज त्यालाही पूर्ण परत आणता येत नाही, कारण जे कापलं गेलं ते सिग्नलमध्ये उरतच नाही. दुसरा आणि खरा उपाय म्हणजे कंपनीच्या अँपच्या आधीच सिग्नल घेणं. हेड युनिटपासून अँपपर्यंत साधा अ‍ॅनालॉग सिग्नल जात असेल तर काम सोपं. मोस्ट या फायबरवरून किंवा ए-टू-बी या डिजिटल बसवरून जात असेल तर त्या गाडीसाठी बनलेलं इंटरफेस मॉड्यूल लागेल. तुमचे पैसे आधी इथे जायला हवेत. मागच्या स्पीकरांवर नाही.

गाणं बंद असताना येणारं घूं-घूं मात्र सबचा दोष नाही. छताच्या अस्तरात छोटे माईक असतात, ते इंजिनचा खर्जातला आवाज ऐकून उलट्या फेजचा आवाज स्पीकरमधून सोडतात. मूळ स्पीकरच्या पातळीला ते बरोबर जुळवलेलं असतं. आता तोच उलटा सिग्नल तुमच्या ५०० वॉटच्या अँपमधून जातोय. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून ही यंत्रणा बंद करा किंवा त्या माईकचे कनेक्टर काढा. फोनवर बोलायचा माईक वेगळा असतो, तो चुकून काढू नका. अस्तर ओढताना बाजूच्या पडद्याच्या एअरबॅगकडे लक्ष असू द्या. पिवळे कनेक्टर सोडवायचे नाहीत, आणि काम सुरू करण्याआधी बॅटरी काढून ठेवा.

तिसरी रांग

आमच्याकडेही अशीच लांबलचक गाडी आहे आणि मी बहुतेक वेळ मागेच बसते, म्हणून मागच्यांची बाजू मांडते. सबचा डबा तिसऱ्या रांगेच्या पाठीला टेकलेला असतो, तेव्हा पुढच्याला जेमतेम वाटणारा बेस आमच्या कानात घुमतो. डीएसपी आला की मागच्या स्पीकरांची पातळी पुढच्यापेक्षा थोडी खाली ठेवा, त्यातून खर्ज काढून टाका आणि बोलण्याचा भाग स्वच्छ ठेवा. मागच्यांना आवाज मोठा नको असतो, शब्द कळायला हवे असतात. मूळचे स्पीकर त्याला पुरतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजून आलो. अर्थवर ०.६ व्होल्ट. वायर खरंच सीटच्या बोल्टखाली होती. पत्रा घासून नवी जागा केली, आता ०.०८. शीळ जवळजवळ गेली, आणि आरसीए पॉवर वायरच्या जुडग्यातून सोडवून गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेल्यावर पूर्ण गेली. रिमोट कायम चालू सॉकेटवर होता, तो इग्निशनच्या फ्यूजवर घेतला. ४० हर्ट्‌झचं व्होल्टेज अर्ध्या व्हॉल्यूमनंतर चढतच नाही, तेव्हा इंटरफेस आणि डीएसपी मागवतोय. माईक काढल्यावर घूं-घूंही बंद.

तोवर दारांचं काही करू का? नवे स्पीकर अजून पोकळ वाटतात.

वायरिंगवाला

नक्की करा, याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. दाराचं पॅनेल काढलंत की आतल्या पत्र्याला तळहाताएवढी भोकं दिसतील, वर नुसतं प्लॅस्टिक चिकटवलेलं. स्पीकरच्या मागचा आवाज त्या भोकांतून पुढे येतो आणि पुढच्या आवाजाला खोडतो. भोकं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याने किंवा कडक शीटने बंद करा. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटिल डॅम्पिंग शीट लावा, रोलरने घट्ट दाबून. पूर्ण पत्रा मढवायची गरज नाही, मधला पाव ते अर्धा भाग झाकला तरी बोटाने टकटक केल्यावर टणटण जाऊन थप्प आवाज येतो. दाराच्या तळाची पाणी जायची छिद्रं मात्र उघडी ठेवा, काच खाली-वर करून अडत नाही ना बघा, आणि मगच पॅनेल लावा.

स्पीकर आणि दाराच्या मधल्या फटीत फोमची रिंग घाला. दोन्ही दारांची पोलॅरिटीही तपासा: दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला की दोन्ही कोन बाहेर यायला हवेत. एक आत गेला तर बेस तिथेच मरतो.

खर्जप्रेमी

डीएसपी आल्यावर दारांना ८० हर्ट्‌झचा हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) आणि सबला ८० चा लो-पास (त्यावरचे सूर अडवणारा), दोन्ही २४ डीबी प्रति ऑक्टेव्ह, इथून सुरुवात करा. गेन (अँप सिग्नल किती वाढवतो ते) कानाने नको, अँपच्या आउटपुटवर मीटरने. स्पीकर सोडवून, चार ओहमला ७५ वॉट म्हणजे १७.३ व्होल्ट, सबला दोन ओहमला ५०० वॉट म्हणजे ३१.६ व्होल्ट, हे कमाल. टोन क्रॉसओव्हरपासून (वरच्या ८० च्या सीमेपासून) दूरचा निवडा. मग प्रत्येक स्पीकरपासून चालकाच्या डोक्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंमी जातो, म्हणजे ४० सेंमी जवळ असलेल्या स्पीकरला सुमारे १.२ मिलिसेकंद थांबवायचं. गायक डॅशबोर्डच्या मध्यावर आला की समजा जमलं.

हे झाल्यावर २० ते १०० हर्ट्‌झचा स्वीप (सलग चढत जाणारा टोन) लावून गाडीभोवती फिरा. पाचवं दार आणि मागची नंबरप्लेट हमखास खडखडतात. प्लेटच्या मागे फोमची पट्टी चिकटवा.